मामाच्या फोनातला तिसरा रकाना

मी काय नोकरी करते असं आईला कुणी विचारलं की ती सांगायची, "दिवसभर फोन बघते." ऐकणारी बाई लगेच म्हणायची, "आमची पण तेच करते, पण फुकट." मग दोघी मिळून हसायच्या. सुरुवातीला मी चिडायचे, समजावून सांगायला बसायचे. पुढे सोडून दिलं, कारण आईचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

हिंजवडीला आमच्या ऑफिसात माझ्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट आहे. त्यात फोनच फोन. जुने, नवे, काच तडकलेले, एकाची तर बॅटरी फुगून पोट सुटलेलं. प्रत्येकाच्या पाठीवर नंबर चिकटवलेला. कुणी वेबसाइट बनवली की ती माझ्याकडे येते आणि मी ती या सगळ्या फोनांवर, वेगवेगळ्या ब्राउझरांत उघडून बघते. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट बघतो ती खिडकी. पान एकच असतं, पण प्रत्येक खिडकीचा स्वभाव वेगळा. एकीत नीट बसलेलं बटण दुसरीत मजकुराच्या डोक्यावर चढतं, तिसरीत दिसतं पण दाबलं जात नाही. हे शोधायचं, त्याचा फोटो काढायचा आणि बनवणाऱ्याला पाठवायचा. बनवणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं, "माझ्याकडे तर नीट चालतंय." सहा वर्षं हे वाक्य ऐकून माझे कान किटले होते. "मग तुझा लॅपटॉपच पाठव सगळ्या गिऱ्हाइकांच्या घरी," असं मी एकदा भर मीटिंगमध्ये म्हटलं होतं. नंतर मला बाजूला घेऊन समज देण्यात आली.

सांगायचं कारण, माझं लग्न ठरलं तेव्हा मी हवेत होते. मुलगा घोटावड्याच्या बाजूला एका कारखान्यात इंजिनिअर, हसरा, आणि माझ्या कामाबद्दल त्यानं पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारले होते. त्यातले दोन बरे होते. आम्ही ठरवलं की कागदाची पत्रिका छापायची नाही. एक छान वेबसाइट करू, लिंक सगळ्यांना पाठवू, त्यातच नकाशा, वेळ, फोटो, सगळं. बनवणार मी. तपासणार पण मीच. कामाच्या ठिकाणी असं कुणी केलं तर मी त्याला सोडत नाही, पण प्रेमात पडलेल्या माणसाला आपलं सगळंच बरोबर वाटतं.

वेबसाइटला घरात कुणी हरकत घेतली नाही. हरकत निघाली ती नावांवर. आमच्याकडे पत्रिकेत खाली नावं असतात. भावकी, पाहुणे, मामा मंडळी, अगदी सहा महिन्यांच्या नातवापर्यंत. ज्याचं नाव राहिलं तो वर्षभर बोलत नाही. ज्याचं नाव खाली गेलं तो बोलतो, आणि ते जास्त त्रासाचं असतं. भूगावला आमच्या हॉलमध्ये यावर रविवारी बैठक बसली. काकांनी विचारलं, "फोनात कुणाचं नाव वर येणार?"

मी खरं ते सांगितलं. फोनचा पडदा अरुंद असतो, म्हणून शेजारी शेजारी ठेवलेल्या गोष्टी तिथे आपोआप एकाखाली एक लागतात. म्हणजे आधी भावकी, मग नवरदेवाकडचे, मग मामांकडचे.

"म्हंजी माझं माहेर तळाला," आई म्हणाली. एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. ती अशी उठली की समजायचं, बैठक संपली.

शेवटी तोडगा निघाला. जुन्या छापील पत्रिकेसारखे तीन रकाने, शेजारी शेजारी, तिन्हींचं पहिलं नाव एका ओळीत. फोनवर सुद्धा. तिसऱ्या रकान्यात सगळ्यात वर मामाचं नाव, कारण आईला तो एकच भाऊ. मी पानाला तसा हुकूम सोडला: काही झालं तरी रकाने मोडायचे नाहीत. आणि पान डावी-उजवीकडे झोके खाऊ नये म्हणून दुसराही हुकूम दिला, की पडद्याबाहेर जाईल ते कापून टाकायचं. अक्षरं बारीक केली, तीन रकाने मावले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कपाटातले बारा फोन टेबलावर मांडले आणि बाराही फोनांत माझं लग्न उघडलं. बारा ठिकाणी आमचे दोघांचे फोटो, बारा ठिकाणी तीन रकाने, कुठे काही हललं नाही. मी स्वतःच्या कामावर इतकी खूश झाले की ऑफिसात सगळ्यांना आंबा बर्फी वाटली. संध्याकाळी लिंक सगळ्या नातेवाइकांना गेली.

चौथ्या दिवशी आईनं मामीला फोन केला. मामाचं गाव धरणाच्या अंगाला, भूगावपासून स्कूटरनं तासाभरावर. फोनवर मामी गोड बोलली. गोड बोलली म्हणूनच आई खुर्चीत बसली.

"पत्रिका बगितली," मामी म्हणाली. "चांगली हाय. आमी पाव्हन्यासारखं येऊ, जेवू आन् जाऊ. मागं उभं ऱ्हायला दुसरं कुनी बगा म्हनत्यात हे."

आता ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. लग्नात अंतरपाट धरला की गुरुजी हाक देतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मामा भाचीला हाताला धरून आणतो आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. मला मामा एकच. लहानपणी माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तो म्हणायचा, "अजून मोठी हो. मला उभं ऱ्हायचंय मागं." मी चार वर्षांची असल्यापासून हा माणूस त्या एका कामाची वाट बघत होता. आणि आता तो म्हणत होता, दुसरं कुणी बघा.

कारण साधं होतं. पत्रिकेत त्याचं नाव नव्हतं.

मी पान उघडलं. नाव होतं, तिसऱ्या रकान्यात सगळ्यात वर. फोटो काढून मामीला पाठवला. मामीचं उत्तर आलं, "आता घातलं आसंल. आमच्या फोनात न्हाई." मी फोन लावून म्हटलं, "मामी, खरंच आधीपासून आहे हो, माझ्याकडे तर नीट दिसतंय." हे शब्द तोंडातून निघाले आणि मी जीभ चावली. सहा वर्षं ज्या वाक्यावर मी लोकांना फाडून खाल्लं, ते मी सख्ख्या मामीला ऐकवलं होतं.

आई दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी कुंकवाची कोयरी आणि अक्षतांची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "रविवार हाय. आवतन द्यायला जायचंच हाय त्या बाजूला. तू गाडी काढ. आन् तुझी ती टेस्टिंग का बिस्टिंग, ती कर सगळ्यांच्या घरी."

मला ही कल्पना इतकी आवडली की मी तिथेच आईचा गालगुच्चा घेतला. तिनं हात झटकला, पण अक्षता सांडू दिल्या नाहीत.

रविवारी आमच्या रस्त्यावर पुण्याच्या गाड्यांची रांग असते, सगळे धरण बघायला आणि भजी खायला निघालेले. त्या रांगेच्या कडेनं आम्ही मायलेकी स्कूटरवर. वाटेत सहा घरं झाली. प्रत्येक घरी रीत एकच. आईनं बाईला कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या आणि "लग्नाला यायचं हं" म्हणायचं. मी लगेच मागून, "तुमचा फोन द्या ना जरा." लोकांना वाटायचं नवरी मुलगी फोटो काढणार. मी त्यांच्या फोनातली खिडकी उघडून मामाचं नाव शोधायचे. कव्हरमध्ये दुमडलेल्या नोटा सापडल्या, रेशनकार्डाची झेरॉक्स सापडली, एका आजींच्या फोनात टॉर्च लावताना चुकून निघालेले एकशे चाळीस फोटो सापडले. सगळीकडे तिसरा रकाना आपल्या जागी. सहा घरचा सहा कप चहा पोटात घेऊन मी चिंतेत पडायला हवं होतं, पण खरं सांगते, मजा येत होती. इतके वेगवेगळे फोन आमच्या कपाटातही नव्हते.

मामा ओट्यावर बसला होता. आम्ही आल्यावर उठला, आईला "ये आक्का" म्हणाला आणि माझ्या डोक्यावरून बघत राहिला. त्यानं एवढ्यात तीन खोल्या बांधून कारखान्यातल्या पोरांना भाड्यानं दिल्या होत्या. त्याच खोल्यांच्या छपराकडे बघून तो बोलत होता.

"मी तीनदा वाचलं," तो म्हणाला. "बोट लावून, एकेक नाव. दुपार गेली माझी. तुझ्या चुलत्याचा नातू बी हाय त्यात. दात न्हाई आले अजून त्येला. मी न्हाई."

"मामा, तुमचा फोन द्या."

"घे की. लपवायचं काय हाय त्यात."

पण ओट्यावर रेंज नव्हती. त्यांच्या घरी रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पश्चिमेला येते. म्हणून मी, मामा, आई आणि चहाचे कप घेतलेली मामी असे चौघं गच्चीवर गेलो. मी लिंक उघडली आणि पाहिलं.

अक्षरं केवढी होती. एकेक अक्षर जांभळाएवढं. मामाच्या फोनात अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा करून ठेवला होता, जेवढा फोन करू देतो तेवढा. पहिला रकाना फुगला होता, दुसरा फुगला होता आणि दोघांनी मिळून पडदा भरून टाकला होता. तिसऱ्या रकान्याला जागाच उरली नव्हती. तो पडद्याबाहेर गेला होता आणि माझ्याच हुकुमाप्रमाणे कापला गेला होता. मी बारा फोन तपासले, ब्राउझर तपासले, पण अक्षरं मोठी करून बघायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हे नोकरीत कुणी केलं असतं तर मी त्याला पाठवलेलं पत्र दोन पानांचं झालं असतं.

आणि तरी मी नाचले. माझं काम ज्यांनी केलंय त्यांना हे कळेल. चूक सापडत नसते तेव्हा जेवण जात नाही, आणि सापडली की ती आपलीच असली तरी आनंद मावत नाही. मी "सापडलं, सापडलं" म्हणत टाकीभोवती फेरी मारली, वाळत घातलेल्या कुरडयांच्या साडीवर पाय पडता पडता वाचला.

"माझं नाव न्हाई," मामा आईला म्हणाला, "आन् ही नाचतीया."

"हिंजवडीत समदी अशीच आसत्यात," आई म्हणाली.

मी सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं नेहमीएवढी केली. तिसरा रकाना उजवीकडून गुपचूप आत आला आणि त्यात सगळ्यात वर मामाचं नाव. आईनं वाचलं, मामीनं वाचलं. मामीच्या चेहऱ्यावरचं सगळं गोड उतरलं आणि ती नेहमीसारखी खडूस दिसायला लागली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. "मंग आधी सांगायचं न्हाई व्हय," म्हणून ती आईला घेऊन खाली गेली, पोहे करायला.

फोन मी मामाच्या हातात दिला. "वाचा, मामा."

त्यानं फोन जवळ धरला, लांब धरला, मान तिरकी केली. "व्हय. हाय की. झ्याक दिसतंय नाव."

मी वाकून बघितलं. फोन देताना माझा अंगठा लागून पान खाली सरकलं होतं. मामाच्या डोळ्यांसमोर मंगल कार्यालयाचा नकाशा होता. नाव कुठेच नव्हतं.

मी बोटानं पान परत वर सरकवलं. त्यावरूनच त्याला कळलं. टाकीला टेकून तो खाली बसला.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय," तो म्हणाला. "पौडचा डाक्टर म्हनला, लगीच करू. मी म्हनलं, भाचीचं लगीन झाल्यावर. काळा चष्मा लावून मागं उभा ऱ्हाऊ व्हय? जन्माचा फोटो तो. मामीला बोलू नगंस. ती आत्ताच उचलून न्हेईल."

म्हणजे या माणसानं माझ्या लग्नासाठी आपलं दिसणं पुढे ढकललं होतं. जांभळाएवढी अक्षरं करून, बोट लावून, तीन वेळा त्यानं सगळी पत्रिका वाचली होती, आणि त्यात तो स्वतः नव्हता. मला एकदम रडू आलं आणि त्याच दमात नकाशा बघून "झ्याक दिसतंय" म्हणणारा त्याचा चेहरा आठवून हसूही आलं. दोन्ही एकदम यायला लागलं की माझं नाक गळतं. मामानं खांद्यावरचा पंचा पुढे केला.

लॅपटॉप गाडीच्या डिकीत होता. तो आणून टाकीच्या पश्चिमेला मांडी घालून बसले आणि दोन्ही हुकूम मागे घेतले. रकाने मोडू दिले. आता एकाखाली एक नावं, अक्षर हवं तेवढं मोठं करा, काही कापलं जाणार नाही. पण मग पुन्हा तोच प्रश्न, वर कोण? पोहे येईपर्यंत तोडगा सुचला. पान दर वेळी उघडलं की तिन्ही गट आपापल्या जागा बदलतील. कधी भावकी वर, कधी नवरदेवाकडचे, कधी मामा. ठरवणारं कुणी नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखं.

मामाची अक्षरं पुन्हा जांभळाएवढी करून मी पान उघडलं. पहिल्याच फटक्याला मामा वर. अख्खा पडदाभर एकच नाव, त्याचं. हे मात्र त्याला स्वतःला वाचता आलं. तो फोन हातात घेऊन खाली गेला तो थेट तीन खोल्यांतल्या भाडेकरू पोरांना दाखवून आला. पोरं बिहारची होती, त्यांना मराठी येत नव्हतं, पण अक्षरं मोठी आहेत हे त्यांनी मान्य केलं.

पुढचे पंधरा दिवस नातेवाइकांनी आमची करमणूक केली. काकांचा सकाळी फोन यायचा, "आमी खाली गेलो गं, काय झालं?" मी सांगायचे, बंद करून परत उघडा. ते पाच वेळा उघडायचे, वर आले की त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवायचे. तेवढ्यात दुसरीकडून दुसऱ्याचा फोटो यायचा. माझ्या होणाऱ्या नवऱ्यानं सांगितलं की त्याच्या आजोबांनी दिवसात चाळीस वेळा पत्रिका उघडली. एवढी वाचली गेलेली पत्रिका आमच्या तालुक्यात दुसरी झाली नसेल.

लग्नाच्या दिवशी मी शालू नेसून, मुंडावळ्या बांधून तयार झाले आणि खोलीतून स्टेजपर्यंत चालत गेले. परत आले. पुन्हा गेले. मैत्रिणींना वाटलं, घाबरलीय. मी तपासत होते. दारातून बाहेर एक उंबरा. मग सतरा पावलं सरळ, गालिचाची कड जिथे उचललेली होती तिथे मी चप्पल ठेवून ती दाबली. मग उजवीकडे वळायचं आणि तीन पायऱ्या, त्यातली मधली जास्त उंच. कार्यालयवाल्याला सांगून प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या झेंडूची ओळ मांडून घेतली. त्याला वाटलं, सजावट.

गुरुजींनी हाक दिली. मामा फेटा बांधून आला, पांढराशुभ्र, ताठ, डोळ्यांना चष्मा नाही. त्यानं माझा हात धरला.

"उंबरा," मी मुंडावळ्यांआडून म्हणाले. मग मनात सतरा मोजले. "आता उजवीकडे. पायऱ्या तीन. मधली उंच आहे."

"मोज तू," तो म्हणाला. "मी येतुया."

व्हिडिओत मामा भाचीला घेऊन येताना दिसतो. पाहणारे सगळे म्हणतात, केवढ्या रुबाबात आणलं. वर पोचल्यावर त्यानं हात सोडला, दोन पावलं मागे सरकला आणि उभा राहिला. ते त्याला सांगावं लागलं नाही.

त्यानंतर महिन्याभरानं त्याच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. लग्नाचे फोटो मी त्याच पानावर चढवले होते. एका दुपारी ऑफिसात, कपाट उघडं टाकून मी चौदा नंबरचा फोन शोधत होते, तेव्हा त्याचा फोन आला. टाकीजवळून बोलत असणार, वारा ऐकू येत होता.

"अक्षरं बारीक केली म्या," तो म्हणाला. "समदं दिसतंय. फोटो बगतुया तुझं." मग म्हणाला, "त्या दिवशी तू सारखी नाक वढत व्हतीस गं. मला वाटलं, पोरगी रडतीया. तू तर हसत व्हतीस की."